'वांझ', 'धातू' आणि 'प्राणवायू' : पुरुषाच्या वंध्यत्वाविषयीच्या मराठी शब्दांचा इतिहास

१

मराठीत 'वांझ' हे विशेषण स्त्रीस लागते, गाई-म्हशीस लागते, झाडास लागते आणि लक्षणेने चर्चेस व प्रयत्नासही लागते. पुरुषास मात्र ते लागत नाही. व्युत्पत्तीच्या दृष्टीने या मर्यादेस काही कारण नाही. संस्कृत 'वन्ध्य' हा शब्द तिन्ही लिंगी चालतो. प्राकृतातील 'वंझा' या स्त्रीलिंगी रूपावरून, ज्या मार्गाने 'संध्या'ची 'संझा' व पुढे 'सांज' झाली त्याच मार्गाने, 'वांझ' हा शब्द मराठीत आला. वारशात आले ते स्त्रीलिंगी रूप तेवढे. पुल्लिंगी रूप बोलीत उतरलेच नाही. ध्वनिपरिवर्तनाच्या नियमांनी या घटनेचा उलगडा होत नाही. तो समाजाच्या इतिहासातच शोधावा लागतो.

पुरुषासाठी जे शब्द मराठीत आहेत ते निराळ्या जातीचे आहेत. 'षंढ', 'क्लीब', 'नपुंसक' हे संस्कृतातून आले, 'नामर्द' हा फारसीतून आला. हे सर्व शब्द संभोगाच्या असामर्थ्याचे व त्याबरोबरच भ्याडपणाचे वाचक आहेत. समागमास समर्थ, शरीराने धडधाकट, परंतु ज्याचे बीज फलधारणेस असमर्थ आहे अशा पुरुषास बोलीत स्वतंत्र नाव नाही. 'निपुत्रिक' हा शब्द आहे खरा. पण तो स्थिती सांगतो, कारण सांगत नाही. निपुत्रिक पुरुषाविषयी समाजास कणव वाटते, वांझ स्त्रीवर दोष येतो.

या शब्दभेदाचे परिणाम घरात व कायद्यात दोन्हीकडे दिसतात. मूल होत नाही म्हणून दुसरी बायको करण्याची वाट मुंबई प्रांतातील हिंदू पुरुषास १९४६ च्या द्विभार्याप्रतिबंधक कायद्यापर्यंत मोकळी होती. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याने ती देशभर बंद केली. दुसऱ्या बायकोसही मूल झाले नाही तर तीही वांझ ठरे. पहिली व दुसरी यांच्यात समान असलेला एकच घटक, म्हणजे नवरा, विचारात घेण्यास भाषेत जागाच नव्हती. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२३ च्या अहवालानुसार जगातील प्रौढांपैकी सुमारे सहांतील एकास आयुष्यात केव्हा ना केव्हा वंध्यत्वाचा अनुभव येतो. आणि वंध्यत्वाच्या सुमारे निम्म्या प्रकरणांत पुरुषाकडील कारण, एकटे वा स्त्रीकडील कारणाच्या जोडीने, आढळते हे आज वैद्यकात सर्वमान्य आहे. हे ज्ञान ज्या शब्दांतून लोकांपर्यंत पोचते, त्या शब्दांचा इतिहास पाहणे हा प्रस्तुत लेखाचा विषय होय.

२

प्राचीनांस पुरुषाकडील दोष ठाऊकच नव्हता, असे मानणे चूक ठरेल. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानात क्लैब्याचे चार प्रकार सांगितले आहेत : बीजोपघातापासूनचे, ध्वजभंगापासूनचे, जरेमुळे येणारे व शुक्रक्षयाने होणारे. यांतील पहिल्या दोहोंचा भेद महत्त्वाचा आहे. बीजास इजा होणे आणि इंद्रियाचे कार्य बंद पडणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हे त्या शास्त्रकारांनी ओळखले होते. फेनिल, तनु, रूक्ष, विवर्ण अशी आठ शुक्रदोषांची गणनाही तेथे आहे. सुश्रुताच्या शारीरस्थानातही शुक्र व शोणित या दोहोंच्या शुद्धीचा विचार एकत्रच येतो.

धर्मशास्त्रही या बाबतीत मौन धरीत नाही. नारदस्मृतीत स्त्रीपुंसयोगाच्या प्रकरणी षंढांचे चौदा प्रकार दिले आहेत, विवाहापूर्वी पुरुषाच्या पुंस्त्वाची परीक्षा करावी असे म्हटले आहे आणि स्त्री हे क्षेत्र व पुरुष हा बीजी अशी कल्पना करून बीजहीनास क्षेत्राचा अधिकार नाकारला आहे. नियोग व क्षेत्रज पुत्र या संस्थांचे अस्तित्वच पतीच्या असामर्थ्याची कबुली देणारे आहे. तेव्हा ग्रंथातील ज्ञान आणि बोलीतील शब्द यांच्यात अंतर पडले ते अज्ञानामुळे नव्हे. ग्रंथाने केलेला भेद बोलीने टिकविला नाही. बीजाचा दोष व पौरुषाचा दोष हे बोलीत एकरूप झाले; आणि त्यामुळे पुरुषाची तपासणी हा त्याच्यावरील आरोप बनला.

३

दुसरा शब्द 'धातू'. आयुर्वेदात रस, रक्त, मांस, मेद, अस्थी, मज्जा व शुक्र असे सात धातू मानले असून प्रत्येक धातू आधीच्या धातूपासून घडतो अशी कल्पना आहे. शुक्र शेवटचा, म्हणून साऱ्यांचे सार. मराठी बोलीत सातांपैकी सहांचे धातुत्व मागे पडले आणि 'धातू' हा शब्द एकट्या शुक्रास चिकटला. 'धातू जाणे', 'धातुक्षय', 'धातुपुष्टी' हे प्रयोग त्यातूनच निघाले. अर्थसंकोचाचे हे उत्तम उदाहरण होय. या संकोचाबरोबर एक संपूर्ण हिशेब भाषेत शिरला. शरीरात एक मोलाचा साठा आहे, तो मर्यादित आहे, खर्चल्यास माणूस खंगतो व साठविल्यास बलवान होतो, असा तो हिशेब.

या हिशेबाने पिढ्यान् पिढ्या तरुणांच्या मनात किती भय पेरले याची कल्पना वैद्यकातील एका नोंदीवरून येते. धातू जात असल्याच्या भीतीने अशक्तपणा, चिंता व उदासपणा यांची तक्रार घेऊन येणाऱ्या भारतीय रुग्णांच्या अवस्थेस मनोविकारतज्ज्ञ डॉ. न. ना. विग यांनी १९६० मध्ये 'धात'वरूनच नाव दिले आणि पुढे ते जागतिक वैद्यकीय वाङ्मयात रूढ झाले. शब्दाच्या अर्थातून उद्भवलेल्या विकारास त्याच शब्दाचे नाव मिळावे, ही घटना भाषेच्या अभ्यासकाने विसरू नये अशी आहे.

महाराष्ट्रात या भयाशी उघड झुंज दिली ती रघुनाथ धोंडो कर्वे यांनी. गणिताचे प्राध्यापक असलेल्या कर्व्यांनी १९२१ मध्ये मुंबईत संततिनियमनाचे केंद्र काढले, १९२३ मध्ये 'संततिनियमन' हे पुस्तक लिहिले आणि जुलै १९२७ पासून 'समाजस्वास्थ्य' हे मासिक चालविले. ऑक्टोबर १९५३ मध्ये त्यांचे निधन झाले व पुढील महिन्याच्या अंकानंतर मासिक थांबले. वाचकांच्या खाजगी शंकांना मासिकातून दिलेली उत्तरे हे त्यांच्या कार्याचे एक मुख्य अंग होते. हस्तमैथुनादी विषयांवरील अशाच उत्तरांवरून १९३४ मध्ये त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला. त्यात त्यांचे वकीलपत्र डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी घेतले होते. कर्व्यांस दंड झाला. परंतु त्या खटल्याचा मूळ मुद्दा भाषेच्या इतिहासात आजही जिवंत आहे. शरीराविषयी विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर लोकांच्या भाषेत छापले तर ते ज्ञान समजावे की अश्लीलता, हा तो मुद्दा होय. वीर्य हा शरीरातील एक नैसर्गिक स्राव आहे, साठवून ठेवण्याचे धन नव्हे, ही कर्व्यांची भूमिका पुढील संशोधनाने केवळ खरी ठरविली नाही, तर एक पाऊल पुढे नेली. ते पाऊल कोणते, हे समजण्यासाठी रसायनाकडे वळले पाहिजे.

४

इ. स. १६७७ मध्ये डेल्फ्ट येथे लेवेनहुक याने सूक्ष्मदर्शकाखाली वीर्यातील हालणारे सूक्ष्म जीव पाहिले. ते स्वतंत्र प्राणीच असावेत ही त्या काळची समजूत पुढे मराठीत 'शुक्रजंतू' या शब्दात उतरली. पाठ्यपुस्तकांनी नंतर 'शुक्राणू' व 'शुक्रपेशी' हे शब्द स्वीकारले असले, तरी बोलण्यात 'जंतू कमी आहेत' हाच प्रयोग चालतो. 'जंतू' या शब्दाचा आजचा प्रमुख अर्थ रोगजंतू असल्याने ऐकणाऱ्याच्या मनात गोंधळ होतो तो निराळाच.

या पेशीचे रसायन उलगडण्यास विसाव्या शतकाचा मध्य उजाडला. १९४३ मध्ये अमेरिकेत जॉन मॅक्लाउड यांनी दाखविले की, ऑक्सिजनचे प्रमाण वाढविले असता मानवी शुक्राणूंची हालचाल मंदावते आणि हायड्रोजन पेरॉक्साइडचे विघटन करणारे कॅटलेज हे विकर मिसळल्यास ती टिकते. १९४६ मध्ये टॉसिक व वॉल्टन यांनी बैलाच्या शुक्राणूंपासून हायड्रोजन पेरॉक्साइड निर्माण होत असल्याचे नोंदविले. १९७९ मध्ये जोन्स, मान व शेरिन्स यांनी मानवी शुक्राणूंतील मेदद्रव्यांच्या पेरॉक्सिडीकरणाचा व हालचाल थांबण्याचा संबंध मांडला. १९८७ मध्ये एटकन व क्लार्कसन यांच्या संशोधनाने सदोष शुक्राणू आणि ऑक्सिजनचे क्रियाशील अणुरेणू यांचे नाते पक्के झाले. दरम्यान १९८५ मध्ये हेल्मुट झीस यांनी या सर्व प्रकारच्या असमतोलास 'ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस' हे नाव रूढ केले होते.

या प्रक्रियेचे स्वरूप थोडक्यात असे. शुक्राणूच्या आवरणात बहुअसंतृप्त मेदाम्ले विपुल असतात. त्यामुळे ते लवचीक राहते व बीजांडाशी मीलन शक्य होते. परंतु अशी मेदाम्ले ऑक्सिजनच्या क्रियाशील रूपांस सहज बळी पडतात. इतर पेशींत संरक्षक विकरे पेशीद्रवात साठविलेली असतात. शुक्राणूने पोहण्यासाठी पेशीद्रवाचा बहुतेक भार टाकून दिलेला असल्याने त्याच्यापाशी हा साठा अल्प असतो. आवरण बिघडले की गती जाते. आघात केंद्रकापर्यंत पोचला की गुणसूत्रांतील डीएनएच्या साखळ्या तुटतात. तंबाखू, जंतुसंसर्ग, वृषणातील शिरा फुगणे, दीर्घकाळची उष्णता, काही कीटकनाशके व जड धातू ही या आघाताची परिचित कारणे होत.

याच ठिकाणी 'धातू'चा जुना हिशेब उलटतो. शुक्राणू अधिवृषणात जितके अधिक दिवस पडून राहतात तितके ते या आघातास अधिक काळ उघडे राहतात. दीर्घ संयमानंतरच्या नमुन्यात संख्या वाढलेली दिसते, पण डीएनएची मोडतोडही अधिक आढळते. जागतिक आरोग्य संघटनेच्या पद्धतीनुसार तपासणीपूर्वी दोन ते सात दिवसांचाच संयम सांगितला जातो. साठविल्याने सार वाढते या समजुतीस रसायनाचा आधार तर नाहीच. तिच्या विरुद्ध मात्र पुरावा आहे.

५

तिसरा शब्द 'प्राणवायू'. लावाझिएने ऑक्सिजनला दिलेल्या नावाचा अर्थ 'आम्लजनक' असा होता व तो चुकीच्या सिद्धांतावर आधारलेला होता. मराठी भाषांतरकारांनी ते नाव शब्दशः न आणता 'प्राणवायू' हा शब्द योजला. प्राण, अपान, समान, उदान व व्यान या पंचवायूंतील पहिल्याचे नाव एका मूलद्रव्यास मिळाले. संज्ञा सुबोध झाली, तशी ती एकांगीही झाली. ऑक्सिजन विषारी ठरू शकतो हे पॉल बेर याने १८७८ मध्येच दाखविले होते. पेशींतील त्याच्या क्रियाशील रूपांचा विचार १९५४ मध्ये रेबेका गेर्शमन यांनी व १९५६ मध्ये डेन्हॅम हार्मन यांनी पुढे नेला. तथापि ज्या पदार्थाचे नावच प्राण, तो प्राणाचे बीज कसा जाळील, हा प्रश्न मराठी वाचकापुढे उभा राहतोच.

'स्ट्रेस'साठी योजलेल्या 'ताण' या शब्दाने आणखी अडचण केली. बोलीत ताण म्हणजे मनाचा. त्यामुळे 'ऑक्सिडीकरणाचा ताण' हे निदान ऐकून घरी गेलेला पुरुष चिंता करू नये असा उपदेश घेऊन जातो. तंबाखू सोडावी हा उपदेश मागे राहतो. ऑक्सिडीकरणाच्या उलट प्रक्रियेस शालेय पुस्तकांत 'क्षपण' व ती घडविणाऱ्या द्रव्यास 'क्षपणक' म्हणतात. म्हणजे येथे उपकारक द्रव्याचे नाव क्षयाच्या कुळातले आणि अपायकारक द्रव्याचे नाव प्राणाच्या कुळातले झाले आहे!

अशा भाषेत जुनी कल्पना नव्या वेष्टनात परत येणे सोपे असते. त्याचा पूर्वेतिहासही आहे. १९२२ मध्ये कॅलिफोर्नियात इव्हान्स व बिशप यांनी उंदरांच्या प्रजननास आवश्यक असा एक अन्नघटक शोधला. १९३६ मध्ये त्यास एका ग्रीक भाषेच्या प्राध्यापकाच्या साहाय्याने 'टोकोफेरॉल', म्हणजे 'अपत्य धारण करणारे', असे नाव मिळाले. मराठीत हे ई जीवनसत्त्व झाले. 'सत्त्व' हा शब्द 'सार' या कल्पनेच्या अगदी निकटचा आहे. त्यामुळे प्रतिऑक्सिडकांच्या गोळ्या धातुपुष्टीच्या जुन्या आसनावर सहज जाऊन बसल्या.

या गोळ्यांची कसोटी मात्र कठोर लागली. अमेरिकेत २,३७० जोडप्यांतील पुरुषांना सहा महिने जस्त व फॉलिक आम्ल किंवा निष्क्रिय गोळी देऊन केलेल्या प्रयोगाचे निष्कर्ष २०२० मध्ये प्रसिद्ध झाले. जिवंत अपत्यजन्माचे प्रमाण एका गटात ३४ टक्के व दुसऱ्यात ३५ टक्के, म्हणजे जवळजवळ सारखेच राहिले. उलट डीएनएच्या मोडतोडीचे प्रमाण गोळ्या घेणाऱ्यांत किंचित अधिक निघाले. त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या, अनेक प्रतिऑक्सिडकांच्या मिश्रणाच्या दुसऱ्या एका प्रयोगातही लाभ दिसला नाही. यात नवल नाही. शुक्राणूस बीजांडभेदाची पात्रता येण्यासाठी ऑक्सिजनच्या क्रियाशील रूपांचा अल्प अंश आवश्यकच असतो, हे १९९० नंतरच्या संशोधनाने स्पष्ट केले आहे. प्रश्न साठ्याचा नसून समतोलाचा आहे. जस्त ही रसायनशास्त्राच्या अर्थाने धातूच. परंतु एक धातू पोटात घालून दुसरा भरून निघत नाही.

६

शब्दांचा हा इतिहास केवळ कोशकारांच्या कामाचा नाही, हे ठाणे जिल्ह्याचे विभाजन होऊन २०१४ मध्ये झालेल्या पालघर जिल्ह्यातील एखाद्या गावावरून पाहता येते. डहाणू तालुक्यातील वरोर हे चिंचणी व वाढवण यांच्या निकटचे समुद्रकाठचे गाव. मासेमारी, बागायत आणि दागिन्यांच्या डाय घडविण्याचे काम ही या किनारपट्टीची ओळख. दक्षिणेस १९६९ पासूनचे तारापूरचे अणुविद्युत केंद्र आहे, तालुक्यात पाचशे मेगावॅटचे औष्णिक विद्युत केंद्र आहे. १९९१ मध्ये तालुका पर्यावरणदृष्ट्या नाजूक म्हणून घोषित झाला व ३० ऑगस्ट २०२४ रोजी वाढवण बंदराची पायाभरणी झाली. मुंबईच्या परळ येथे १९७० मध्ये प्रजनन संशोधनासाठी स्थापन झालेल्या राष्ट्रीय संस्थेचे ग्रामीण आरोग्य संशोधन केंद्रही डहाणूत आहे. म्हणजे ज्ञान दाराशी आले आहे. आता ते कोणत्या शब्दांनी उंबरा ओलांडते हे पाहावयाचे.

जननाच्या प्रश्नात परिस्थितीचा विचार करणे या किनाऱ्यास परके नाही. मासळी घटली तर पाणी बिघडले का, विणीच्या काळात जाळी पडली का, असा प्रश्न मच्छीमार विचारतो. पावसाळ्यातील मासेमारीबंदीचे समर्थनही विणीच्याच आधारे होते. गाबोळी कमी दिसली म्हणून कोणी माशाच्या पौरुषावर बोट ठेवीत नाही. समुद्राविषयी वापरला जाणारा हा विवेक माणसाविषयीच्या भाषेत मात्र हरवतो.

रसायनातील मुख्य घटनेसाठीही अस्सल मराठी शब्द हाताशी आहे. मेदाम्लांवर ऑक्सिजनची क्रिया होऊन तेल, खोबरे वा सुकी मासळी बिघडते, तिला 'खवटणे' म्हणतात. शालेय पुस्तकेही ऑक्सिडीकरणाचे उदाहरण म्हणून खवटपणाच देतात. शुक्राणूच्या आवरणात घडते ते हेच. किंबहुना त्या आवरणात विपुल असणारे एक मेदाम्ल माशाच्या तेलातही विपुल असते. बोंबील वाळविणाऱ्या घरास 'ऑक्सिडीकरणाचा ताण' समजावून सांगण्यास वेळ लागेल; बीजाचे आवरण धुराने, तंबाखूने, उष्णतेने खवटते हे एका वाक्यात समजेल. खवटलेल्या पदार्थावर कोणी नीतीचा आरोप करीत नाही. तो कोठे व किती दिवस ठेवला होता, एवढेच विचारतात.

लोकांच्या अंगणातून शब्द उचलण्याची परंपरा याच तालुक्यात आहे. ताराबाई मोडक यांनी १९४५ मध्ये बोर्डी येथे ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले व १९५७ मध्ये ते कोसबाडला नेले. मूल शाळेत येत नसेल तर शाळेने मुलाच्या अंगणात जावे, या त्यांच्या व अनुताई वाघ यांच्या कार्यातून 'अंगणवाडी' ही कल्पना आकारास आली. २ ऑक्टोबर १९७५ रोजी सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास योजनेने तो शब्द देशभर नेला. परिभाषा केवळ समितीच्या बैठकीत घडत नाही, याचे यापेक्षा जवळचे उदाहरण सापडणे कठीण.

आजही मूल न झालेल्या जोडप्यातून तपासणीस प्रथम पाठविली जाते ती बहुधा स्त्री. १९९२ मध्ये ब्रसेल्स येथे सिद्ध झालेल्या, एकच शुक्राणू बीजांडात सोडण्याच्या पद्धतीतही दोष पुरुषाकडे असताना औषधे, टोचण्या व शस्त्रक्रिया स्त्रीच्या शरीरावरच होतात. वीर्यतपासणी त्या मानाने अल्पखर्चाची व वेदनारहित आहे. शुक्राणू घडण्यास सुमारे अडीच महिने लागतात. म्हणून तंबाखू सोडल्याचा वा उष्णता टाळल्याचा परिणाम पाहण्यास तीन महिन्यांचा धीर लागतो. पुरुष त्या तपासणीस जात नाही, तो वेदनेच्या वा खर्चाच्या भयाने नव्हे. तपासणीत बीजाचा दोष निघाला तर त्यास लावावयाचा भाषेतील एकमेव शब्द 'नामर्द' हा आहे, हे त्यास ठाऊक असते. चरकाने बीजोपघात व ध्वजभंग यांत जो भेद केला तो बोलीत पुन्हा प्रस्थापित होईपर्यंत या तपासणीची वाट मोकळी होणार नाही. आणि तोपर्यंत 'वांझ' या शब्दाचे ओझे जिचा दोष नाही तिच्याच डोक्यावर राहील.